माइक नंतर, खोली आधी

घरून आवाजाचं काम करायचं ठरलं, की बहुतेक जणांची पहिली खरेदी माइकची असते, तीही झेपेल तेवढ्या महागाची. संपादनासाठी माझ्याकडे येणाऱ्या फायली ऐकून माझं मत मात्र पक्कं झालं आहे: नवशिक्यांचं काम माइकपायी क्वचित अडतं, खोलीपायी हमखास अडतं.

एका तरुण अभिवाचिकेचं पाहा. रंगभूमीवर घडलेला खणखणीत आवाज, उच्चार स्वच्छ. अख्खी कादंबरी तिनं घरच्या हॉलमध्ये ध्वनिमुद्रित केली. खाली फरशी, समोर काचेच्या खिडक्या, भिंती मोकळ्या, डोक्यावर पंखा. माइक उत्तम होता आणि तोच नडला. त्या संवेदनशील कंडेन्सरनं तिच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर, रस्त्यावरची रिक्षा आणि भिंतींवरून परतणारा घुमारा, सगळं टिपलं. घरघर सॉफ्टवेअरनं थोडी उतरली. जास्त काढू गेलं तर शब्द पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येत. घुमारा तर हटेचना. प्रकाशकानं काम परत पाठवलं आणि तिला सगळी कादंबरी पुन्हा वाचावी लागली.

दुसऱ्या वेळी माइक तोच होता, जागा बदलली. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून ती त्याच्यासमोर बसली, पाठीमागे दोरीवर जाड गोधड्या टांगल्या, खाली सतरंजी अंथरली, पंखा बंद केला. ते काम मंजूर झालं.

यात पाठीमागची गोधडी सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच लोक विसरतात. घरगुती कामासाठी घेतले जाणारे बहुतेक माइक कार्डिऑइड प्रकारचे असतात. ते मुख्यतः समोरचं ऐकतात. वाचणाऱ्याच्या मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज थेट त्यांच्या तोंडात शिरतो. भिंतीला चिकटवायचा पातळ फोम फक्त वरच्या पट्टीतला घुमारा शोषतो, बाहेरचा गोंगाट अडवत नाही. अंड्यांच्या ट्रेवर तर एक रुपयाही घालवू नये.

शांततेची परीक्षा सोपी आहे. काही न बोलता मिनिटभर रेकॉर्डिंग करायचं आणि हेडफोन लावून ऐकायचं. फ्रिज, शेजारचा कुकर, पाण्याचा पंप, सगळे हजेरी लावतात. अॅमेझॉनच्या एसीएक्स या ऑडिओबुक मंचाला ही पार्श्वभूमी उणे 60 डेसिबलच्या खाली लागते, आणि आवाजाचं सर्वोच्च टोक उणे 3 च्या वर गेलेलं चालत नाही. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही मोजता येतं.

बाकीचं सवयीचं काम. माइकपासून वीतभर अंतर ठेवावं. फार जवळ गेलं की आवाज कृत्रिमरीत्या जाड होतो. ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना श्वासाचा झोत माइकवर आदळतो. त्यासाठी पॉप फिल्टर लावावा आणि माइक तोंडासमोरून किंचित बाजूला सरकवावा. गेन असा ठेवावा, की सगळ्यात मोठा शब्दही उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहील. फुटलेला आवाज पूर्ववत होत नाही. मूळ फाइल 24 बिट वेव्हमध्येच जपावी. एमपीथ्री फक्त पाठवण्यापुरती.

कामं आता आहेत. स्टोरीटेल 2017 मध्ये भारतात आलं तेव्हापासून मराठी ऑडिओबुकना नियमित वाचक-कलाकार लागू लागले. पण संधीबरोबर सापळेही आले. ‘नोंदणी शुल्क’ मागणाऱ्याकडे काम नसतं. आणि नमुन्यादाखल तासभराचं वाचन मागितलं, तर ते कशासाठी वापरणार हे विचारायलाच हवं, कारण त्यातून आवाजाची कृत्रिम नक्कल तयार होऊ शकते. गायक अरिजीत सिंह यांच्या आवाजाच्या अशा नकलांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयानं 2024 मध्ये अंतरिम संरक्षण दिलं. नव्या कलाकाराला कोर्टाची पायरी परवडणारी नसते. म्हणून आपल्या आवाजावर यंत्राला शिकवलं जाणार नाही, अशी ओळ करारात आहे का ते पाहा. नसेल तर घालून मागा, आणि मगच सही करा.