बंब परत आल्यावर

आगीचा बंब घंटा वाजवीत रस्त्यानें जाऊं लागला कीं वर्गांतील अर्धी मुलें खिडकीकडे धांवतात, आणि खरें सांगावयाचें तर शिक्षकाचेंही लक्ष फळ्यावरून उडतें. आग कोठें लागली, केवढी असेल, ह्याची चर्चा पुढें घटकाभर चालते. तोच बंब परत येतांना मात्र कोणी पाहत नाहीं. त्या परतीच्या वाटेविषयीं चार शब्द लिहावे असें आमच्या मनांत आलें, त्यास एका विद्यार्थ्याची निबंधाची वही कारण झाली.

'माझे वडील' हा विषय आम्हीं दिला होता. हा मुलगा अग्निशामक दलाच्या वसाहतींत राहतो. त्यानें लिहिलें होतें कीं, बाबा वर्दीवरून आले म्हणजे आई आम्हांला बोलूं देत नाहीं. बाबा अंघोळ करून गॅलरींत बसतात आणि आम्ही स्वयंपाकघरांत गुपचूप जेवतों. वडिलांचे गुण, उपकार, आवडीनिवडी ह्यांपैकीं कांहींच त्यांत नव्हतें. आम्हीं लाल शाईनें 'विषयास सोडून' असा शेरा मारला. विषय काय होता हें आम्हांसच समजलें नव्हतें!

मुंबईच्या मुलांनीं 14 एप्रिल 1944 च्या गोदीच्या स्फोटाची हकीकत ऐकलेली असते. व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' नांवाचें जहाज लागलें होतें. सुमारें 1400 टन स्फोटकें आणि कराचीस चढविलेल्या कापसाच्या गांठी एकाच जहाजांत भरल्या होत्या. दुपारीं कापूस धुमसूं लागला. बंबवाले आले, त्यांनीं नळ्या लावल्या. आंत स्फोटकें आहेत हें त्यांच्या अधिकाऱ्यांस कळलें, तरी पाणी मारणें थांबलें नाहीं. 4 वाजून 6 मिनिटांनीं पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आंत दुसरा. अग्निशामक दलाचे 66 जण कामास आले. त्यांच्या स्मरणार्थ 14 एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. मेलेल्यांची गणती झाली, तें योग्यच होय. परंतु जे सोबत्यांस गमावून घरीं परतले, त्यांच्या रात्री कशा गेल्या ह्याची नोंद कोण ठेवणार?

त्या काळीं ह्या दुःखास धड नांवही नव्हतें. 1915 सालीं चार्ल्स मायर्स ह्या ब्रिटिश वैद्यानें महायुद्धांतील शिपायांविषयीं लिहितांना 'शेल शॉक' हा शब्द छापला. पण पुष्कळांनीं त्याचा अर्थ भित्रेपणा असाच केला. पुढें 1980 सालीं अमेरिकेंतील मानसरोगवैद्यांच्या संस्थेनें आघातानंतर जडणाऱ्या ह्या विकारास आपल्या सूचींत स्थान दिलें.

शरीरांत काय घडतें तें पाहूं. घंटा होतांच मूत्रपिंडांवर बसलेल्या लहानशा ग्रंथींतून ॲड्रिनलिन रक्तांत उतरतें. हृदय जलद चालूं लागतें, रक्त स्नायूंकडे धांवतें, पचन मंदावतें. गाढ झोंपेंतील मनुष्य क्षणांत शिडी चढावयास सिद्ध होतो. ही देणगीच आहे. काम संपल्यावर ही भरती ओसरावी असा नियम आहे. परंतु आठवड्यांतून अनेक रात्रीं हेंच घडलें, आणि त्यांतील एका रात्रीं हातांत एकादें निपचित मूल आलें, तर भरती पुरती ओसरत नाहीं. मग कुकरची शिटी झाली तरी तो मनुष्य दचकतो, करपल्या वासानें ताटावरून उठतो, क्षुल्लक गोष्टीवरून मुलांवर खेंकसतो, आणि पुष्कळदां कांहींच बोलत नाहीं. कित्येक जण मद्याचा आश्रय करतात. मुलांस वाटतें, बाबा आपल्यावर रागावले.

वसाहतींत तर घंटा घरच्यांसही ऐकूं येते. पती जिन्यावरून उतरून जातो आणि पत्नी अंथरुणांत जागी राहते. तिचेंही हृदय तसेंच धडधडतें, पण तिला चढावयास शिडी नसते. बंब फाटकांतून आंत येईपर्यंत तिचें काम एकच, वाट पाहणें. 9 मे 2015 रोजीं काळबादेवीच्या गोकुळ निवास ह्या जुन्या इमारतीस आग लागून ती कोसळली. संजय राणे व महेंद्र देसाई हे अधिकारी तेथेंच गेले. सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर भाजलेल्या स्थितींत रुग्णालयांत होते. त्याच महिन्यांत तेही वारले. त्या दोन आठवड्यांत ह्या घरांतील मुलांनीं अभ्यास कसा केला असेल, कोण जाणे.

आमच्या वाचकांपैकीं कोणी गंमत म्हणून 101 हा क्रमांक फिरवून खोटी वर्दी दिली असेल, तर तीही घंटा ह्याच घरांत वाजते, हें त्यानें ध्यानांत घ्यावें.

उपायांविषयीं पालकांनीं पुष्कळदां विचारलें आहे. 'झालें तें विसरा' हा उपदेश व्यर्थ आहे. उलट, घटना घडतांच माणसाला सक्तीनें एकदां बोलतें करावें, ही रीत कांहीं काळ फार बोकाळली होती. तिनें लाभ होत नाहीं असें पुढें तपासांतीं दिसून आलें. ज्यानें तीच आग पाहिली अशा सोबत्याजवळ, आपल्या सवडीनें, बोललेलें अधिक मानवतें. दुःस्वप्नें, दचकणें व मौन महिन्याहून अधिक टिकलें तर मात्र मानसरोगवैद्याकडे जावें, आणि त्यांत लाज मानूं नये. सरकारनें 2022 सालीं सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा क्रमांक 14416 आहे. तेथें घरच्यांनींही बोलावें.

आम्हीं ती वही परत मागून घेतली आणि शेरा खोडला. मुलगा म्हणाला, "सर, आईनें तो निबंध बाबांना वाचून दाखविला."

"मग काय म्हणाले?"

"कांहीं नाहीं. पण दुसऱ्या दिवशीं वर्दीवरून आले तेव्हां दारांतूनच त्यांनीं सांगितलें, आज सगळे वांचले. मग आमच्याबरोबर जेवले."