शेतमाल एक, बाजाराच्या रीती अनेक

भाव कसा ठरतो, अडत कोण देतो आणि पैसे प्रथम कोणाच्या हाती पडतात, या तीन प्रश्नांवर शेतकऱ्याच्या पदरात पडणारी रक्कम अवलंबून असते. भारतात या प्रश्नांची उत्तरे प्रांतोप्रांती निराळी आहेत.

कापसाच्या व्यापारामुळे वऱ्हाडात बाजार नियमनाची गरज लवकर भासली. १८८६ मध्ये कारंजा येथे नियंत्रित बाजार सुरू झाला, तर १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी स्वतंत्र कायदा झाला. पूर्वी अनेक पेठांत दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत. माल शेतकऱ्याचा, पण बोली त्याला कळत नसे. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्याने उघड लिलाव, परवानाधारक तोलणार आणि त्याच दिवशी पैसे चुकते करण्याचे बंधन आणले. २०१६ मध्ये फळे व भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले.

पंजाबात अडत्या हा विक्रीचा मध्यस्थ, तसाच सावकारही. बियाण्यासाठी, खतासाठी, लग्नकार्यासाठी तोच उचल देतो. सरकारी खरेदीचे पैसेही दीर्घकाळ त्याच्याच हातून येत. साहजिकच उचल आधी वळती होई. २०२१ च्या रब्बी हंगामापासून गव्हाची रक्कम थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा होऊ लागली. तथापि उचलीचे नाते तेवढ्याने संपले नाही.

बिहारने २००६ मध्ये बाजार समिती कायदाच रद्द केला. तेथे धानाची सरकारी खरेदी मुख्यत्वे प्राथमिक पतसंस्थांमार्फत होते. मात्र ज्याला पैशांची निकड असते, तो लहान शेतकरी गावातल्या व्यापाऱ्यालाच माल देतो. केरळने असा कायदा कधी केलाच नाही. नारळ, रबर व मसाल्यांच्या या प्रदेशात वेलदोड्याचे लिलाव मसाला मंडळाच्या नियमांनुसार होतात.

या तुलनेवरून एक गोष्ट स्पष्ट होते. कायदा बाजाराला शिस्त लावतो. परंतु कर्जाची गरज शेतकऱ्याला ज्याच्या दारी नेते, तोच बहुधा त्याच्या मालाचा भाव ठरवितो. म्हणून बाजार सुधारणेबरोबरच वेळेवर पीककर्ज आणि माल साठविण्यासाठी गोदामाची सोय हवी. शेतकऱ्यानेही प्रत्येक विक्रीची काटापट्टी व हिशेबपट्टी मागून घेऊन जपून ठेवावी. तक्रारीच्या वेळी तोच त्याचा खरा पुरावा होय.