छोट्या आगगाडीला उजेड कोणता?

बालमित्रांनो, आगगाडीला रात्री दिवा लागतो हे सर्वांना ठाऊक आहे. पण घरात मांडलेल्या छोट्या आगगाडीसाठी सुद्धा दिवा निवडावा लागतो. तो कसा निवडतात ते मी दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे पाहिले. ते या पाठात लिहीत आहे.

माझा मामा कुर्डुवाडीला राहतो. कुर्डुवाडीहून १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. ती छोटी गाडी होती. तिच्या दोन रुळांत फक्त अडीच फूट अंतर होते. पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत जायची. आता तिथे रुंद रूळ आहेत आणि मोठी गाडी धावते. आजोबा वारीला त्या छोट्या गाडीने जायचे. त्यांना ती परत दिसावी म्हणून मामाने ६ फूट लांब व ३ फूट रुंद फळीवर तशी गाडी मांडली आहे. आजोबांच्या डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे. म्हणून उजेड असा पाहिजे, की गाडी नीट दिसेल पण दिवा डोळ्यांवर येणार नाही.

प्रमाण म्हणजे काय?

मामाची गाडी १:८७ या प्रमाणात आहे. म्हणजे खरी वस्तू ८७ पट मोठी. खऱ्या छोट्या गाडीच्या रुळांत ७६२ मिलिमीटर अंतर होते. ७६२ ला ८७ ने भागले की पावणेनऊच्या जवळ उत्तर येते. म्हणून मामाने ९ मिलिमीटरचे रूळ घेतले. हे प्रमाण लक्षात ठेवा. दिव्यांसाठी पुन्हा लागणार आहे.

बल्ब, ट्यूब की एलईडी?

आम्ही आधी जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब लावून बघितला. उजेड छान पिवळा पडला. पण थोड्या वेळाने बल्बच्या काचेजवळ हात धरवेना. डोंगर थर्माकोलचा आहे. थर्माकोल उष्णतेने वितळते. म्हणून बल्ब नको.

ट्यूबचा उजेड सगळीकडे सारखा पडतो. पण ती ४ फुटांची, आणि फळी ६ फुटांची. दोन्ही टोके अंधारी राहतात.

मग ९ वॅटचा एलईडी दिवा लावला. तो ६० वॅटच्या बल्बाएवढाच उजेड देतो आणि खूप कमी तापतो. पण एकच दिवा मधे लावला की मधले स्टेशन लख्ख आणि बोगद्याकडे काळोख. असं का होतं ते मामाने प्रयोग करून दाखवलं. तुम्हीही करा.

प्रयोग

साहित्य : मोबाइलचा दिवा, पुठ्ठा, चौकटीचा कागद, पट्टी.

कृती : पुठ्ठ्याला २ सेंटिमीटर लांब व २ सेंटिमीटर रुंद चौकोनी खिडकी पाडा. खोलीत अंधार करा. दिव्यापासून २० सेंटिमीटरवर पुठ्ठा धरा. ४० सेंटिमीटरवर चौकटीचा कागद धरा. मग कागद ६० सेंटिमीटरवर न्या.

निरीक्षण : खिडकी ४ चौरस सेंटिमीटरची आहे. ४० सेंटिमीटरवर उजेडाचा चौकोन १६ चौरस सेंटिमीटरचा झाला. ६० सेंटिमीटरवर ३६ चा झाला.

अनुमान : अंतर दुप्पट झाले की तोच उजेड चौपट जागेवर पसरतो, म्हणून पाव होतो. अंतर तिप्पट झाले की नववा हिस्सा उरतो.

म्हणून एक मोठा दिवा लावण्यापेक्षा पुष्कळ लहान दिवे ओळीने लावलेले बरे. बाजारात एलईडीची चिकटपट्टी मिळते. तिचे रीळ ५ मीटरचे असते. मामाने ती पसंत केली.

पट्टी कुठे लावावी?

१) भिंतीच्या बाजूला लावली तर डब्याची आपल्याकडची बाजू काळी दिसते.
२) बघणाऱ्याच्या पाठीमागे लावली तर आपलीच सावली स्टेशनावर पडते. आजोबा वाकले की सगळी कुर्डुवाडी अंधारात!
३) फळीच्या पुढच्या कडेवर, उंच लावली तर डबे, झाडे, घरे सगळे उजळते. सावल्या सगळ्या मागे एकाच बाजूला पडतात. सूर्य एकच आहे, म्हणून हे खरे वाटते.

मामाने तिसरी जागा घेतली. पट्टीच्या पुढे ४ इंचांचा पुठ्ठा उभा लावला. त्यामुळे आजोबांना दिवे दिसत नाहीत, फक्त उजेड दिसतो.

पांढरा की पिवळा?

एलईडीच्या खोक्यावर केल्विन हा आकडा लिहिलेला असतो. २७०० म्हणजे पिवळसर उजेड, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. एकट्या ६५०० च्या उजेडात आमची गवताची गंजी फिकट दिसली. एकट्या २७०० मध्ये आकाशाचा निळा रंग मळका दिसला. म्हणून मामाने दोन पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या. दोन्ही पेटवल्या की दुपार. नुसती पिवळी ठेवली की संध्याकाळ. दोन्ही बंद केल्या की रात्र. मग फक्त स्टेशनचे दिवे दिसतात.

खोक्यावर सी.आर.आय. असाही आकडा असतो. उजेडात रंग किती खरे दिसतात ते त्यावरून कळते. जास्तीत जास्त १०० असतो. ८० चा चालतो, ९० चा चांगला. आम्ही एक लाल डबा आणि एक कडुलिंबाचं पान दोन्ही दिव्यांखाली धरून बघितलं. ९० च्या खाली डबा खराखुरा लाल दिसला.

स्टेशनचे दिवे

इथे प्रमाणाची गंमत आहे. फलाटावरचा खरा खांब ४ मीटर, म्हणजे ४०० सेंटिमीटर उंच धरला, तर ४०० ÷ ८७ म्हणजे सुमारे साडेचार सेंटिमीटरचा खांब हवा. दुकानात साधा एलईडी ३ मिलिमीटरचा मिळतो. तो किती मोठा झाला? ३ × ८७ = २६१ मिलिमीटर. म्हणजे फलाटावर जेवणाच्या ताटाएवढा दिवा टांगल्यासारखे! म्हणून मामाने सगळ्यांत बारीक एलईडी आणले. पूर्वी या कामाला गव्हाच्या दाण्याएवढे बल्ब वापरत.

नवे दिवे फार लख्ख होते. जुन्या स्टेशनावर रॉकेलचे कंदील असत. एलईडीच्या वाटेत एक रोध जोडावाच लागतो, नाहीतर तो जळतो. दुकानदार त्याला रेझिस्टर म्हणतात. रोध वाढवला की उजेड मंद होतो. मामाने १००० ओहमचा काढून ४७०० ओहमचा जोडला. आजोबा म्हणाले, "अजून कमी कर. आम्हाला फलाटावर एकमेकांची तोंडं दिसायची नाहीत. आवाजावरून ओळखायचो." मग १०००० ओहमचा जोडला. तेव्हा आजोबा काही बोलले नाहीत. नुसते बघत बसले. मामा म्हणाला, आता बरोबर झालं.

सिग्नलची एक गोष्ट फार नवलाची आहे. जुन्या सिग्नलच्या हाताला हिरव्या दिव्यासाठी निळसर काच असे. मागे रॉकेलची पिवळी ज्योत असे. निळसर काचेतून पिवळी ज्योत हिरवी दिसते. पण तीच काच पांढऱ्या एलईडीपुढे धरली तर निळसर दिसेल. म्हणून मामाने सरळ हिरवा एलईडीच बसवला.

विजेचा हिशेब

पट्टी १२ व्होल्टवर चालते. आमच्या पट्टीला ५ मीटरला २४ वॅट लागतात. फळी ६ फूट, म्हणजे सुमारे १.८ मीटर. दोन पट्ट्या मिळून ३.६ मीटर. त्याला १७ वॅटहून थोडे जास्त लागतात. वॅटला १२ ने भागले की दीड अँपिअरच्या आत उत्तर येते. म्हणून २ अँपिअरचा अडॅप्टर पुरतो. वीज गेली तर १२ व्होल्टच्या बॅटरीवर पट्टी लागते. आमच्या गावाला हे फार उपयोगी आहे.

सावधान : भिंतीतली वीज २३० व्होल्टची असते. त्या बटणाला आणि वायरीला मोठ्या माणसांनीच हात लावावा. पट्टी खूण केलेल्या जागीच कापावी. एलईडीचा लांब पाय नेहमी अधिक बाजूला जोडावा. खिडकीतले ऊन गाडीवर येऊ देऊ नये. उन्हाने रंग उडतात. मामाने खिडकीला आजीच्या जुन्या लुगड्याचा पडदा लावला आहे.

लक्षात ठेवा

१) एका मोठ्या दिव्यापेक्षा ओळीने लहान दिवे बरे.
२) दिवा पुढे व उंच, आणि त्याच्यापुढे आडोसा.
३) जुने स्टेशन असेल तर उजेड पिवळा आणि मंद.
४) दिवा नुसता लख्ख असून चालत नाही. ज्याला बघायचे आहे त्याला नीट दिसले पाहिजे.

प्रश्न

१) खरा खांब ३ मीटर उंच असेल तर १:८७ प्रमाणात तो किती सेंटिमीटर होईल?
२) दिव्यापासून कागद चौपट लांब नेला तर उजेड किती उरेल?
३) थर्माकोलच्या डोंगराजवळ जुना बल्ब का लावू नये?

उत्तरे पाटीवर लिहून मधल्या सुट्टीत मला दाखवा.

— इयत्ता चौथी