ऑनलाईन अध्यापन : प्रशिक्षणाइतकेच पाठबळही हवे

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे महाविद्यालये बंद झाली आणि असंख्य प्राध्यापकांना पूर्वतयारीवाचून संगणकाच्या पडद्यावरून शिकवावे लागले. ती निकडीची व्यवस्था होती. आज मात्र ऑनलाईन अध्यापन हे उच्च शिक्षणाचे नित्याचे अंग बनले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालेल्या 'स्वयम्' या राष्ट्रीय मंचावरून शिकण्याची मुभा विद्यार्थ्यांना देता येते. म्हणूनच प्राध्यापकांच्या तयारीचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

'स्वयम्'च्या पाठाची चार अंगे आहेत : चित्रफितीवरील व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि शंकासमाधानासाठी चर्चा. यांपैकी व्याख्यानाचा सराव प्राध्यापकांना असतोच. खरी गरज उरलेल्या तिन्हींच्या प्रशिक्षणाची आहे. वर्गात विद्यार्थ्याचा चेहरा पाहून त्याला समजले की नाही, हे शिक्षक ताडतो. पडद्यावर ही सोय नसते. म्हणून तासाभराच्या व्याख्यानाचे छोटे भाग पाडणे, प्रत्येक भागाअखेर नेमका प्रश्न विचारणे आणि उत्तरांवरून पुढील पाठ बेतणे, हे तंत्र शिकावे लागते. यंत्राची कळ कोणती दाबावी, एवढ्यापुरतेच प्रशिक्षण त्यामुळे अपुरे पडते.

प्रशिक्षणाची परंपरा आपल्याकडे आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर प्राध्यापकांसाठी अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली. २०२३ पासून हे कार्य मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रांद्वारे चालते. नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने तर दूरशिक्षणाची वाट राज्यात रुळवली आहे.

तथापि, प्रशिक्षणवर्ग संपला की प्राध्यापक एकटा पडू नये. त्यासाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, अडचणीच्या वेळी धावून येणारा तंत्रसहायक. दुसरी, पाठ तयार करण्यास आणि शंकांना उत्तरे देण्यास लागणाऱ्या वेळेची कार्यभारात नोंद. तिसरी, अनुभवी सहकाऱ्याचे मार्गदर्शन. १९७१ मध्ये अध्यापन सुरू करणाऱ्या ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात शिक्षकांनी तपासलेल्या स्वाध्यायांचे अनुभवी अध्यापकांकडून अवलोकन होते. विद्यार्थ्याला दिलेला अभिप्राय त्याच्या उपयोगी पडावा, हा त्यामागील हेतू होय.

याचा अखेरचा लाभार्थी विद्यार्थीच आहे. दूरच्या गावातील, एकाच मोबाईलवर भावंडांसह शिकणारी मुलगी पाठ न समजल्यास तक्रार करीत नाही; ती निमूटपणे अभ्यास सोडून देते. तिचे मौन वेळीच ओळखणारा शिक्षक घडविणे आणि त्याला पाठबळ देणे, ही विद्यापीठांची जबाबदारी आहे. ग्रामपंचायतींनीही वाचनालयात इंटरनेटची सोय आणि बसण्यास शांत जागा उपलब्ध करून दिल्यास या कार्यास मोलाचा हातभार लागेल.