उल्हासकाठी जुनी आलिशान मोटार घेताना

उल्हास नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्या माणसाने जुनी आलिशान मोटार घेताना इंजिनाचा आवाज, रंगाची चकाकी आणि धावलेल्या किलोमीटरांचा आकडा यांच्याही आधी एका गोष्टीची खातरजमा केली पाहिजे, ती म्हणजे या गाडीत कधी पुराचे पाणी शिरले होते काय. बदलापूरच्या कुळगावात राहून अशी एक गाडी काही वर्षे बाळगल्यानंतर हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो आहे. २६ जुलै २००५ चा जलप्रलय येथील रहिवाशांच्या स्मरणात आहेच. पुढे २०१९ च्या जुलैत ज्या पुराने महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडवून धरली, त्याच पुरात बदलापुरातील नदीलगतच्या वसाहतींत उभ्या असलेल्या मोटारीही बुडाल्या. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या घोषित मूल्याच्या पाऊणपटीपलीकडे गेला की अशी गाडी विमा कंपनीच्या दप्तरी संपूर्ण नुकसानीत जमा होते आणि लिलावात निघते. परंतु लिलावात निघालेली प्रत्येक गाडी भंगारात जातेच असे नाही, धुऊन-पुसून, आसने बदलून तिच्यातली एखादी पुन्हा गिऱ्हाइकासमोर उभी राहते.

माझी गाडी परदेशी बनावटीची डिझेल सेडान होती. कागदपत्रे निर्दोष, रंग निष्कलंक, चालविण्यास तर अशी की काटई-बदलापूर रस्त्याचे खड्डेही तिच्यात बसून जाणवू नयेत. पहिल्या पावसाळ्यात मात्र कधी एअरबॅगचा, तर कधी ए.बी.एस.चा दिवा लागू लागला आणि आपोआप विझू लागला. अंबरनाथच्या एका वयोवृद्ध मेकॅनिकने चालकाच्या आसनाखालचा गालिचा उचकटला, तेव्हा खालचा जाड फोम ओला होता, आसनाच्या रुळांचे बोल्ट गंजले होते, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट कीट चढले होते आणि कोपऱ्यातील खोबणीत बोटाला लागेल असा नदीचा बारीक गाळ साचलेला होता. ते म्हणाले, "साहेब, हे वरचं कीट पुसता येईल, पण वायरीच्या आत गेलेलं कसं काढणार?"

या प्रश्नातच आलिशान गाडीचे सारे दुखणे सामावले आहे. साध्या मोटारीत पाणी शिरले तर गालिचा वाळवून बहुधा भागते; या गाड्यांत मात्र आसने, दिवे, ब्रेक, सस्पेन्शन या प्रत्येकाचा कारभार निरनिराळ्या नियंत्रक पेट्यांकडे सोपविलेला असतो, त्यांतील काही नेमक्या गालिचाखाली वा डिकीच्या तळाशी बसविलेल्या असतात, आणि त्या परस्परांशी सतत बोलत असल्यामुळे एक पेटी बिघडली की धडधाकट असलेल्या दुसऱ्याच पेटीची तक्रार पडद्यावर झळकते. शिवाय नवी पेटी नुसती बसवून चालत नाही, ती संगणकाद्वारे त्या गाडीशी जुळवून घ्यावी लागते. गाडीची किंमत दहा वर्षांत उतरते. सुट्या भागांची उतरत नाही.

पाण्याशी संबंध नसलेले दोषही प्रत्येक बनावटीचे ठरलेले असतात आणि ते आधी माहीत करून घेता येतात. मर्सिडीज-बेंझच्या ई-क्लासमध्ये २००६ पर्यंत विजेवर चालणारी ब्रेक-यंत्रणा होती. तिच्यातील दोषासाठी कंपनीने २००४ साली जगभरातून लाखो गाड्या परत बोलाविल्या, आणि ब्रेक किती वेळा दाबला याचा हिशेब ही यंत्रणा स्वतःच ठेवत असल्याने आयुर्मर्यादा संपली की ती बदलण्याचा इशारा देते. बी.एम.डब्ल्यू.च्या २००७ नंतरच्या काही वर्षांतील दोन लिटर डिझेल इंजिनाची टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूस असल्यामुळे, ती झिजून खडखडू लागली की काम फार खर्चाचे होते. एअर सस्पेन्शनची गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी पाहावी. एखादा कोपरा खाली बसला असेल तर हवा गळते आहे, आणि ती गळती भरून काढता काढता कंप्रेसरही निकामी होतो.

कागदांत पाणी कोठे दिसते, तर मागील विमापत्रांत. दावा न केल्याबद्दलची सवलत वर्षानुवर्षे वाढत जाऊन एखाद्या साली अकस्मात शून्यावर आली असेल, तर त्या साली दावा झाला होता असा बळकट संशय धरून विक्रेत्याला कारण विचारावे. दिल्लीकडून येणाऱ्या स्वस्त डिझेल गाड्यांविषयी वेगळी दक्षता हवी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना मज्जाव केला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला, म्हणून त्यांचा ओघ इतर राज्यांकडे वळला. तेव्हा ना-हरकत दाखला आणि येथे भरावयाचा रस्ता-कर हिशेबात धरल्यावाचून त्यांचा भाव स्वस्त मानू नये.

आमच्या भागातील गाडी कल्याणच्या परिवहन कार्यालयाच्या एम.एच. ०५ या मालिकेत येते. तिच्या हस्तांतरणाचे २९ व ३० क्रमांकाचे नमुने, आणि गाडी कर्जाला तारण असेल तर बोजा उतरविण्याचा ३५ क्रमांकाचा नमुना बँकेच्या सहीशिक्क्यासह, व्यवहाराच्या दिवशीच हाती घ्यावा. आणि नोंदणीपत्रावर आपले नाव चढेपर्यंत किमतीतील काही रक्कम राखून ठेवण्याची अट करारपत्रात स्पष्ट लिहून घ्यावी.