हीटर गेला, आता त्याची तोंडंही बंद कर

अगं, तू 1974 ची पोर्शे 911 घेतलीस हे ऐकल्यापासून मला तुझं केवढं कौतुक वाटतंय! सॅन दिएगोत हीटर कोणाला लागतो, म्हणून आधीच्या मालकानं तो काढून टाकला, यातही वावगं काही नाही. तसंही बर्फाच्या मुलखात, मीठ टाकलेल्या रस्त्यांवर फिरलेल्या या गाड्यांचे हीट एक्स्चेंजर गंजून जातात. मग लोक ते काढतात आणि साधे हेडर, म्हणजे एक्झॉस्टच्या नुसत्या नळ्या, बसवतात. पण तू पाठवलेले फोटो पाहिले आणि एक गोष्ट मला खटकली. हीटर गेला, त्याची तोंडं मात्र उघडीच राहिलीत. तेवढ्यासाठी जरा निवांत बस आणि ताईचं ऐक.

आधी गाडीचं गणित समजून घे. या इंजिनात पाणी नाही. ते हवेवर आणि ऑइलवर थंड राहतं. मागचा मोठा पंखा वरून हवा घेतो आणि सिलिंडरवर सोडतो. त्यातलीच थोडी हवा एक्झॉस्टच्या नळ्यांभोवतीच्या आवरणात जायची, तापायची आणि नळीतून पुढे तुझ्या पायाशी यायची. हे आवरण म्हणजेच हीट एक्स्चेंजर. सीटांमधली दांडी खाली असली की तीच गरम हवा गाडीखाली सोडून दिली जायची. म्हणजे हीटर बंद असतानाही हवा वाहतच असायची. आता आवरणच नाही, पण पंख्याची हवा त्या वाटेनं निघून जातेच आहे. जी सिलिंडरला मिळायची, ती फुकट चाललीय.

दुसरी गोष्ट इंजिनभोवतीच्या पत्र्याची. तो शोभेला नाही गं. वरची थंड हवा आणि खालची एक्झॉस्टची धग यांच्यामधली ती भिंत आहे. हीटरचे होज जायचे तिथे या भिंतीला भोकं आहेत. पंखा वर जोरात हवा ओढत असतो, तो त्या भोकांतून खालची तापलेली हवाही ओढतो आणि तीच परत सिलिंडरवर फेकतो. तुझं इंजिन 2.7 लिटरचं, त्याचा क्रँककेस मॅग्नेशियमचा. उष्णतेनं या इंजिनांचे हेड स्टड सैल होऊन उपटून येतात, हे जुने मेकॅनिक तुला पहिल्याच भेटीत सांगतील. अशा इंजिनाला हवेची उधळमाधळ परवडत नाही.

आणि तिसरी गोष्ट तुझ्या जिवाची, म्हणून तीच मनावर घे. बॉडीच्या बाजूला मागे दोन नळ्या उघड्या आहेत. त्या थेट केबिनमध्ये जातात. गाडीखाली एक्झॉस्टचा एखादा सांधा गळत असेल, तर तो धूर या नळ्यांतून आत येऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. डोकं जड होणं, मळमळणं, चक्कर येणं, एवढंच कळतं आणि आपण म्हणतो, ऊन लागलं. शिवाय त्याच नळ्यांतून धूळ आणि पाणी आत शिरतं आणि खालचा पत्रा आतून गंजतो. हा गंज बाहेरून दिसेपर्यंत खर्च हाताबाहेर गेलेला असतो.

आता काय करायचं ते सांगते. पत्र्यातल्या भोकांसाठी अ‍ॅल्युमिनियमच्या चकत्या काप, भोकापेक्षा चारी बाजूंनी सेंटीमीटरभर मोठ्या. चकतीखालचा पत्रा तारेच्या ब्रशनं घास, ऑइलचा अंशही राहू देऊ नकोस, नाहीतर काहीच धरणार नाही. कडेनं हाय-टेम्परेचर सिलिकॉनची सलग रेघ ओढ, चकती दाब आणि छोट्या स्क्रूंनी आवळ. पुढे कोणाला हीटर परत बसवायचा झाला तर स्क्रू निघतात. ड्रिल करताना पडलेला कीस व्हॅक्यूमनं टिपून घे, तो पंख्यात गेला तर नवीनच दुखणं. पंख्याच्या कवचावरचं (श्राउडवरचं) हीटरचं तोंड फायबरग्लासचं असेल, तर त्याला ड्रिल लावू नकोस. तिथे होजचा छोटा तुकडा चढव, त्यात घट्ट बूच बसव आणि दोन्हीवर क्लॅम्प आवळ. क्लॅम्प हवाच, कारण आतून हवेचा दाब असतो आणि नुसतं खुपसलेलं बूच उडून जातं. बॉडीच्या नळ्यांना धातूच्या टोप्या लाव, तिथून हेडर जवळ आहे. हीटरच्या सुट्या झालेल्या केबल वर बांधून टाक, एक्झॉस्टवर लोंबता कामा नयेत.

चिंध्यांचे बोळे, चिकटपट्टी, डब्यातला फुगणारा फोम यांतलं काहीही कोणी सुचवलं तरी ऐकू नकोस. चिंध्या पेट घेतात, पट्टीचा गोंद तापून सुटतो, आणि फोम पेटतोही, शिवाय पाणी धरून पत्रा कुजवतो.

सिलिकॉनला डब्यावर लिहिलेला पूर्ण वेळ सुकू दे. मग अंधारात खालून टॉर्च मार आणि वरून बघ. कुठे उजेडाची चीर दिसली तर तिथे हवाही जाणार. पहिल्या काही फेऱ्यांनंतर इंजिन पूर्ण गार झालं की स्क्रू आणि क्लॅम्प पुन्हा आवळ, कारण गरम-गार होताना ते ढिले पडतात. ऑइलच्या तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेव. केबिनमध्ये बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म ठेव आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नकोस. गाडीत कोणाचंही डोकं दुखायला लागलं, तर आधी थांब आणि सगळ्यांना मोकळ्या हवेत उतरव, डोकं का दुखलं ते नंतर शोधता येईल.

एक अडचण मात्र राहीलच. मे-जूनच्या सकाळी किनाऱ्यावर दमट ढगाळ हवा असते, तेव्हा काचेवरची वाफ घालवायला गरम हवा नसेल. समोरचा ताज्या हवेचा पंखा लावायचा, खिडकी थोडी उघडायची आणि हाताशी कोरडं फडकं ठेवायचं. तेवढ्यावर भागतं.

काढलेले होज, दांडीचे भाग, पट्ट्या, सगळं चिठ्ठी लावून खोक्यात जपून ठेव. जुन्या गाडीचे मूळ भाग भंगारात देऊ नयेत.

हे सगळं सामान फार महागाचं नाही आणि काम सुट्टीच्या दिवसात हातानं होण्यासारखं आहे. पण ते होईपर्यंत गाडी लांब नेऊ नकोस, आणि लेकराला तर तिच्यात अजिबात बसवू नकोस. आधी तोंडं बंद कर, मग हवी तेवढी फिर.