कोंबडीनं मान टाकण्याआधी

कोंबडी आपलं दुखणं लपवते. पंख फुगवून, डोळे मिटून ती कोपऱ्यात बसलेली दिसली, तोवर बराच उशीर झालेला असतो. आमच्या अंगणातल्या १४ कोंबड्या चार दिवसांत गेल्या, तेव्हा हे मला कळलं. पहिली मेली ती मी उकिरड्यावर टाकली. ती दवाखान्यात न्यायला हवी होती, हे नंतर उमगलं. नांदेड-लातूरकडं ज्यांच्या दारात दहा-वीस कोंबड्या आहेत, त्यांच्यासाठी ही कृती लिहिते आहे.

खुराडं जमिनीपासून दीड-दोन फूट उंच बांधा, म्हणजे ओल लागत नाही आणि मुंगसाला सहज शिरता येत नाही. खाली भुसा किंवा राख पसरा आणि ओली झाली की बदला. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते आणि तशीच अंग निववते. त्यामुळं एप्रिल-मेच्या उन्हात छपरावर तुराट्या किंवा पाचट टाकून पाणी शिंपडा आणि सावलीत मातीच्या भांड्यात पाणी ठेवून ते दिवसातून दोनदा बदला.

ज्वारी, मका, तांदळाची कणी, घरातला भाजीपाला हे सगळं चालतं. आपल्याकडं घरोघरी सोयाबीन असतं म्हणून तेही मूठभर टाकलं जातं, पण कच्चं सोयाबीन घालू नका. त्यातल्या एका घटकामुळं प्रथिनं पचत नाहीत. सोयाबीनची पेंड चालते. बुरशी धरलेला मका किंवा शेंगदाणा तर मुळीच नको, त्या बुरशीचं विष कोंबडीचं यकृत खराब करतं.

आता लसीचं. सगळ्यात जास्त आळस इथंच होतो. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा विषाणूचा रोग आहे. हिरवट-पांढरी हगवण लागते, घशात घरघर होते, पाय-पंख लुळे पडतात, मान पिळवटते. त्यावर औषध नाही, लस मात्र आहे. पिल्लू ५ ते ७ दिवसांचं झालं की डोळ्यात लासोटा लसीचा एक थेंब टाकायचा आणि चौथ्या आठवड्यात तीच लस पुन्हा द्यायची. सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस आणि आठव्या आठवड्यात पंखाखाली मानमोडीचीच आर-टू-बी लस. पुढचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या.

अडचण येते ती कुपीची. एका कुपीत १०० किंवा त्याहून जास्त मात्रा असतात आणि एकदा कालवली की लस दोन तासांच्या आत संपवावी लागते. १२ कोंबड्यांसाठी कुपी कोण फोडणार? म्हणून गल्लीतल्या पाच-सहा घरांनी दिवस ठरवून लस एकत्र आणायची. थर्मासमध्ये बर्फ घालूनच आणा, कारण उन्हात तापलेल्या लसीचा उपयोग नाही. कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर किंवा पहाटे सोडण्याआधी धरा, पळापळ होत नाही. आजारी पक्ष्याला लस देऊ नका.

रोज सकाळी खुराडं उघडलं की दोन मिनिटं तिथंच थांबा. दाण्यावर कोण धावलं नाही, कुणाची विष्ठा पातळ आहे, कुणाचा तुरा काळपट पडला आहे, ते पाहा. एखादी मलूल दिसली की लगेच वेगळ्या डालग्याखाली ठेवा. तिचं दाणापाणी शेवटी करा आणि हात साबणानं धुवा. लहान पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसलं तर ती बहुधा रक्ती हगवण असते. तिच्यावर औषध आहे, पण त्याच दिवशी हालचाल करायला हवी. माणसांच्या गोळ्या अंदाजानं चारू नका. बाजारातून आणलेली तलंग १५ दिवस वेगळी ठेवा. आणि आजाराची साथ आली म्हणून राहिलेल्या कोंबड्या आठवडी बाजारात विकू नका. रोग गावोगाव पोहोचतो तो अशानंच.

मदतीसाठी आधी जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. १९६२ हा पशुसंवर्धन खात्याचा टोल फ्री क्रमांक आहे. फोनवर चार गोष्टी नेमक्या सांगा: एकूण कोंबड्या किती, आजारी किती, मेल्या किती आणि कधीपासून, शेवटची लस कोणती. एखादीच मेली असेल तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून ती उचला, दुहेरी पिशवीत घाला, सोबत बर्फ ठेवा आणि काही तासांत शवविच्छेदनासाठी न्या. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूर जिल्ह्याला आणि मुखेड-देगलूर भागाला ते जवळ पडतं.

पण एकाच दिवशी पटापट मरू लागल्या, डोकी सुजली, तुरे-गलोल निळे पडले किंवा आसपास कावळेही मरून पडले, तर काहीही उचलून नेऊ नका. हात न लावता फोन करा. २०२१ च्या जानेवारीत शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला. २०२५ च्या जानेवारीत उदगीर शहरात कावळे मेले, नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि तोच रोग निघाला. बाधित ठिकाणाभोवती एक किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट करतात, म्हणून लोक कळवायला घाबरतात. ही भीती मी समजू शकते. पण भरपाई मिळते ती नष्ट केलेल्या जिवंत पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. लपवण्यात आपलंच नुकसान आहे.

साध्या आजारानं मेलेली कोंबडी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्री उकरणार नाहीत इतकी खोल.

आज संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात गेल्या की शेजारणीकडं जा आणि तिच्याकडं किती पिल्लं आहेत ते विचारा. मग पुढच्या घरी. सगळ्यांची मिळून यादी झाली की ती घेऊन उद्या दवाखान्यात लस मागा.